एजंटसाठी दस्तऐवज लिहिताना: रिकाम्या उत्तराचा अर्थ आधी लिहा

समाजमाध्यमांवरील व्हिडिओ आणून एआय एजंटच्या, म्हणजे साधने वापरून स्वतः कामे करणाऱ्या एआय प्रणालीच्या, हाती देणाऱ्या साधनाचे दस्तऐवज लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले असेल, तर एपीआय, जेसन आणि मार्कडाउन तुम्हाला येते असे मी गृहीत धरते. त्या कामातील एकाच भागाबद्दल, म्हणजे साधनाने रिकामे उत्तर दिले तर एजंटने काय करावे याबद्दल, मी येथे सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याने मला सर्वांत जास्त छळले, आणि इंदूरच्या विजयनगर भागातील कचेऱ्यांत या कामाला नव्याने लागलेली मुलेही नेमकी तिथेच अडकताना मी पाहते.

माणूस दस्तऐवज अर्धवट वाचतो आणि अडला की शेजारच्याला विचारतो. एजंटला ती सोय नसते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला बाहेरची साधने जोडण्याच्या एमसीपी या प्रमाणित पद्धतीमध्ये, साधनाची ओळख त्याचे नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा (इनपुटची रचना सांगणारा आराखडा) यांतून होते, आणि ते केव्हा वापरायचे हे एजंटमागचे भाषा-मॉडेल मुख्यतः त्यावरूनच ठरवते. त्यामुळे तुम्ही लिहिलेले वाक्य थेट वर्तनात उतरते.

आता तो सापळा. समजा, रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोरून जाणाऱ्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, एका व्हिडिओची लिंक देऊन, त्यात कोण काय बोलले याचा गोषवारा एजंटकडे मागितला. साधनाने काम यशस्वी झाल्याचे कळवले आणि सबटायटलच्या जागी रिकामी यादी परत केली. शीर्षकात गेर हा शब्द आहे. गुलाल, पाण्याचे टँकर आणि छतांवरची गर्दी यांविषयीचा मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणात येऊन गेलेला असतो. आणि त्यांतून ते अत्यंत सुबक, परंतु त्या व्हिडिओशी काहीही संबंध नसलेला गोषवारा रचू शकते. तो वाचून एखाद्या इंदूरकरालाही शंका येणार नाही, कारण गेर तशीच असते. ही चूक कोणालाही दिसत नाही, म्हणूनच ती सर्वांत घातक आहे.

त्या रिकाम्या यादीमागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात: व्हिडिओ खासगी आहे, लॉगिनशिवाय तो दिसत नाही, विनंत्यांची मर्यादा ओलांडल्यामुळे सर्व्हरने ४२९ हा त्रुटी-संकेत दिला आहे, किंवा व्हिडिओ मिळाला पण त्याला सबटायटल नाहीत. प्रत्येक वेळी पुढचे पाऊल निराळे असते. खासगी व्हिडिओसाठी पुन्हा प्रयत्न करणे व्यर्थ आहे, तसे वापरकर्त्याला सांगावे. लॉगिनची भिंत आली तर थांबावे, पासवर्ड मागू नये. ४२९ आल्यास सर्व्हरने उत्तरासोबतच्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितलेला थांबण्याचा वेळ पाळावा. आणि सबटायटल नसतील तर आशयाबद्दल काहीही न लिहिता तेवढेच कळवावे. हे सारे साधनाच्या वर्णनातच लिहा, तळटीपेत नको. शिवाय एमसीपीमध्ये साधन चालवताना आलेली त्रुटी उत्तरातच ‘इझ-एरर’ या खुणेने कळवण्याची सोय आहे. तुमच्या विकासकांनी ती वापरलेली नसेल, तर दस्तऐवज सजवण्याआधी त्यांच्याकडे ती मागा. नवखे असाल तरीही मागा. तो तुमच्या कामाचाच भाग आहे.

कोडवरून आपोआप तयार होणारे दस्तऐवज पुरेसे आहेत असे सांगणारे वरिष्ठ तुम्हाला भेटतील. माझे मत स्पष्ट आहे: त्यातून पॅरामीटरची यादी मिळते, निर्णय मिळत नाहीत. मार्गदर्शक निवडता आला, तर व्याकरण तपासून परत देणाऱ्यापेक्षा, तुमचे वर्णन वाचून साधन स्वतः चालवून पाहणारा निवडा.

आणखी काही बाबी थोडक्यात. व्हिडिओ फाइलचा थेट पत्ता बहुधा काही तासांत कालबाह्य होतो, म्हणून एजंटने मूळ पानाची लिंक जपावी, असे नोंदवा. यंत्राने तयार केलेली सबटायटल तशी असल्याचे उत्तरात दिसले पाहिजे. आपल्या इंदुरी बोलण्यात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात येतात, आणि तिथे यंत्र सहज घसरते. व्हिडिओच्या वर्णनात किंवा सबटायटलमध्ये एजंटला उद्देशून सूचना दडवलेल्या असू शकतात. तो मजकूर माहिती म्हणून वाचावा, आज्ञा म्हणून पाळू नये, हे ठळकपणे लिहा. तसेच यूट्यूबच्या अटी परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवून घेण्यास मनाई करतात. यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या साधनाचा प्रकल्प ऑक्टोबर २०२० मध्ये एका कायदेशीर तक्रारीवरून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून हटवला गेला होता आणि नोव्हेंबरमध्ये परत आला; तेव्हा मर्यादांचा परिच्छेद नंतर लिहू असे म्हणून टाळू नका.

एवढे वाचून दडपण आले असेल, तर घाबरू नका. या कामासाठी प्रमाणपत्र लागत नाही, चिकाटी लागते, आणि पडताळणी तुम्ही आजही करू शकता. जुना संवाद नसलेल्या मॉडेलला केवळ तुमचे वर्णन आणि साधन द्या, एक खासगी व्हिडिओ, एक सबटायटल नसलेला व्हिडिओ आणि एक काढून टाकलेला व्हिडिओ यांच्या लिंक द्या, आणि प्रत्येक वेळी ते काय उत्तर देते ते शब्दशः नोंदवा. कुठेही त्याने न पाहिलेल्या दृश्याचे वर्णन केले, तर ती नोंद घेऊन विकासकाकडे जा आणि मग वर्णनातील त्याच वाक्यापासून दुरुस्ती सुरू करा.