काकांच्या दोन कॉम्प्युटरची वायर: निघण्याआधीची तयारी

ठाण्यात नौपाड्यातून घोडबंदर रोडला काकांकडे जायचं, तर माजिवड्याच्या पुढे किती वेळ लागेल याचा नेम नाही. तिथे पोचून "अरे, ते घरीच राहिलं" झालं, की रविवार गेला. काम तसं साधं. हॉलमधला जुना डेस्कटॉप आणि आतल्या खोलीतला लॅपटॉप एका लॅन केबलने थेट जोडलेत, मागच्या महिन्यापर्यंत फाइली जात होत्या, आता जात नाहीत.

तयारी फोनवरच सुरू करायची. "काका, सेटिंग उघडू नका. डेस्कटॉपच्या मागे वायर लागते तिथे दिवा लागलाय का, एवढंच बघा." "अरे, तिथे मान जात नाही माझी." "मान नको, मोबाइल मागे धरून फोटो काढा." दोन्ही कॉम्प्युटर चालू असताना एकाही टोकाला दिवा नसेल, तर दोष बहुधा वायर, कनेक्टर किंवा लॅन कार्डात (वायर जिथे लागते तो कॉम्प्युटरमधला भाग), आणि सॉफ्टवेअरमध्ये तासभर खटपट करून सहसा काही हाती लागत नाही. दिवा असेल तर वायरीला बहुधा हात लावायचा नाही. याच फोनवर विंडोजचा पासवर्ड माहीत आहे का तेही विचारून घ्या. पिन नव्हे, पासवर्ड. का ते पुढे येईल.

पिशवीत सगळ्यात आधी खात्रीची एक केबल टाका, म्हणजे काल रात्री घरी स्वतः लावून बघितलेली. दुकानातून आणलेली नवीकोरी केबल म्हणजे खात्रीची केबल नव्हे, हे मी दोनदा शिकलोय. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचं भोक नसतं, म्हणून यूएसबीचा लॅन अडॅप्टर, आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर. चार-पाच आरजे-४५ कनेक्टर (केबलच्या टोकाचे प्लग), ते तारांवर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणि केबलमधली एकेक तार तपासणारा तो दोन तुकड्यांचा लॅन टेस्टर. माझा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला आहे, दिसायला खेळण्यासारखा, पण माझ्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच.

टेस्टर लावला की १ ते ८ दिवे दोन्ही तुकड्यांवर एकाच क्रमाने लागले पाहिजेत. गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्यांकडे ७ नंबर लागतच नव्हता, म्हणजे तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली. शंभर एमबीपीएसच्या वेगाला फक्त १, २, ३ आणि ६ या तारा लागतात, गिगाबिटला (म्हणजे हजार एमबीपीएसला) आठही. त्यामुळे अशी केबल पूर्ण मेलेली नसते. काही कार्डं निमूट शंभरावर उतरतात, काही जोडतात-तोडतात, आणि घरचे म्हणतात, "कधी चालतं, कधी नाही." फाइल सेकंदाला ११ एमबीच्या आसपासच जात असेल आणि दोन्ही कार्डं गिगाबिटची असतील, तर आधी हाच संशय घ्यायचा. कनेक्टरची क्लिप तुटलीय का आणि पिनांवर हिरवट थर चढलाय का, हेही टॉर्च मारून बघायचं. क्लिप तुटली असेल तर सेलोटेप लावून भागवू नका, कनेक्टर कापून नवा बसवा. आणि केबल लाइटच्या वायरीबरोबर एकाच केसिंगमधून नेलेली दिसली, तर वायरमनला काय बोलायचं ते मनात बोला.

दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉस केबल, म्हणजे दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेली केबल लागते, असं अजूनही कुणीतरी सांगतंच. गिगाबिट कार्ड तारा स्वतः ओळखून घेतं, एका टोकाला तसं कार्ड असलं तरी साधी केबल चालते. दोन्हीकडे जुनी शंभरची कार्डं असतील तरच तो विचार.

आता पत्ते, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरचा आयपी अ‍ॅड्रेस. मध्ये राउटर नसला की पत्ता वाटणारं कुणी नसतं, मग विंडोज थोडा वेळ वाट बघून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. राउटरला जोडलेल्या कॉम्प्युटरवर असा पत्ता दिसला तर बिघाड समजा. थेट केबलवर तो चालतो, पण बदलू शकतो, म्हणून मी हाताने देतो: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेचा (बाहेर इंटरनेटकडे जायच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवायचा. तिथे काही भरलंत, तर लॅपटॉप वायफाय सोडून या केबलीतून इंटरनेट शोधू शकतो. पन्नास यासाठी, की घरातल्या वायफायच्या पत्त्याशी सहसा टक्कर होत नाही.

मग पिंग, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघायचं, दोन्ही बाजूंनी. उत्तर आलं नाही की लोक लगेच केबल उपटतात, पण ओळ नीट वाचा. आपल्याच पत्त्याकडून "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं, तर समोरचा सापडलेलाच नाही, वायर आणि पत्ते बघा. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं, तर बहुतेक वेळा समोरचा सापडलाय, पण त्याची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारा विंडोजचा पहारेकरी) गप्प बसलीय. शंका वाटली तर लगेच एआरपी मायनस ए (arp -a) ही कमांड चालवा. यादीत समोरचा पत्ता मॅक नंबरासकट (लॅन कार्डाच्या स्वतःच्या नंबरासकट) दिसला, तर केबलीतून संपर्क होतोय. गेटवे नसलेलं जाळं विंडोजला अनोळखी वाटतं, म्हणून ते त्याला पब्लिक ठरवतं आणि दार लावून घेतं. ते प्रायव्हेट करा, फाइल शेअरिंग चालू करा. फायरवॉल कायमची बंद करून येऊ नका, काकांना कोण काय डाउनलोड करायला सांगेल भरवसा नाही.

इतकं होऊनही फोल्डर उघडताना पासवर्ड विचारेल. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. म्हणून तो फोनवरचा प्रश्न. पासवर्ड विसरले असतील तर डेस्कटॉपवर शेअरिंगपुरतं एक साधं खातं उघडायचं, पासवर्डसकट.

आणि हो, एकदाच चार लग्नांचे फोटो हलवायचे असतील, तर यातलं काही करू नका, पेनड्राइव्ह न्या. रोजचं काम असेल तर दोन्ही पत्ते आणि नव्या खात्याचं नाव मार्करने चिठ्ठीवर लिहून डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा, मागे नको, तिथे काकांची मान जात नाही.