गोरामी एकत्र ठेवायचे असतील तर

दुकानातल्या टँकमध्ये वीस-पंचवीस गोरामी मासे गुण्यागोविंदाने फिरत असतात. त्यातले दोन घरी आणून सोडले की आठवडाभरात एक फिल्टरमागे दडून बसलेला दिसतो. दुकानातल्या गर्दीत हद्द आखायला जागाच नसते. घरी ती मिळते आणि नर लगेच मालकी सांगायला लागतो. म्हणून मासे किती यापेक्षा नर किती, हे आधी ठरवा.

१. जात निवडा. टँक दोन फुटी (सुमारे ५० लिटर) असेल तर हनी गोरामी घ्या. जेमतेम ५ सेंटिमीटरचा हा मासा स्वभावाने गरीब; चार-पाच सहज राहतात. ड्वार्फ गोरामी दिसायला देखणा, पण अशा टँकमध्ये नर एकच. दुकानदार ‘जोडी’ म्हणून दोन रंगीत ड्वार्फ देतो, ते बहुधा दोन्ही नरच असतात. मादी फिकी, चंदेरी असते. पर्ल गोरामी १२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला तीन फुटी टँक हवा: एक नर, दोन-तीन माद्या. ब्लू आणि गोल्डन गोरामी ही एकाच जातीची रंगरूपं, आणि दोन्ही दादागिरी करणारी, हनीसोबत नकोतच. किसिंग गोरामीच्या चुंबनांना भुलू नका. ते बऱ्याचदा तोंडाला तोंड लावून जोर आजमावत असतात, आणि मासा फूटभर वाढू शकतो.

पर्ल आणि ब्लूमध्ये नर ओळखायचा तो पाठीवरच्या पराने. नराचा लांब, टोकदार; मादीचा आखूड, गोलसर.

२. टँक आधी तयार करा. फिल्टर लावून तीन-चार आठवडे टँक चालू द्या, मगच मासे आणा. गोरामी वर येऊन हवा घेतात, त्यामुळे पाणी आणि झाकण यांत तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा. झाकण मात्र हवंच. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला हीटर लागणारच. फिल्टरचा झोत काचेकडे वळवा, यांना संथ पाणी आवडतं.

३. नजरेआड जागा करा. सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसत असेल तर टँक गोरामीसाठी तयार नाही. मध्ये व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला दाट लावा, उकळून घेतलेली करवंटी उपडी ठेवा, वर थोड्या तरंगत्या वनस्पती सोडा. नर त्यांच्या आधाराने बुडबुड्यांचं घरटं बांधतो. बांधलं की त्याचा पारा आणखी चढतो, तेव्हा आडोसा दुसऱ्या टोकालाही हवा.

४. सोडण्याचा क्रम. शांत जात आधी, तापट जात शेवटी. संध्याकाळी दिवे बंद करून पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या. ड्वार्फ घेताना रंग उडालेला, अंगावर जखम किंवा पोट फुगलेला मासा नाकारा; त्यांच्यातल्या एका विषाणूजन्य रोगावर उपाय नाही.

५. पहिला आठवडा लक्ष ठेवा. मिशांसारख्या दोऱ्यांनी एकमेकांना चाचपणं, पर फुलवून आडवं उभं राहणं, थोडा पाठलाग, इथवर चालतं. पण एखादा हवा घ्यायला वर आला की दुसरा दर वेळी त्याला खाली हाकलत असेल, तर हाकलणाऱ्याला त्याच दिवशी वेगळा करा. सोबतीला रासबोरा, कोरीडोरास चालतात. टायगर बार्ब त्या मिशा कुरतडतो, तो नकोच.

६. पाणी बदलणं. आठवड्याला पाव टँक, नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन घालून. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असेल तर शुक्रवारी बदलू नका. त्या दिवशी नळाला बऱ्याचदा गढूळ पाणी येतं, शनिवार-रविवार बरा.

एवढं करूनही पटत नसेल तर दांडगा मासा दुकानात परत द्या. पैसे कमी मिळतील, पण बरेच दुकानदार घेतात. पाषाण तलावात किंवा मुठा नदीत मात्र सोडू नका.