आकारणीची विशेष नोटीस आल्यावर काय करावे

वडोदऱ्यात मिळकतवेऱ्याची, म्हणजे मालमत्ता कराची, आकारणी गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ आणि त्याखालील करनियमांनुसार होते. आकारणी-पुस्तक (मिळकती व त्यांची आकारणी यांची नोंदवही) पाहण्यास खुले झाल्याची जाहीर सूचना सर्वांसाठी असते. मात्र मिळकत प्रथमच नोंदली गेली किंवा तिची आकारणी वाढली, तर मालकाला वा भोगवटादाराला स्वतंत्र विशेष नोटीस द्यावी लागते.

तक्रारीची १५ दिवसांची मुदत ही नोटीस मिळाल्यापासून मोजली जाते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात ती खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या हाती पडते आणि वरच्या मालकाला आठवड्याने कळते, हे फार नुकसानीचे आहे. म्हणून पाकिटावरच ती कोणाला, कोणत्या तारखेला मिळाली हे लगेच लिहून ठेवावे.

तक्रार लेखीच द्यावी, तीत आक्षेपाचे कारण व खोल्यांची प्रत्यक्ष मापे नमूद करावीत आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सुनावणीला स्वतः जावे. निर्णय अमान्य असल्यास लघुवाद न्यायाधीशांकडे (स्मॉल कॉज कोर्टात) १५ दिवसांत अपील करता येते, परंतु आधी तक्रार केलेली नसेल तर आकारणीविरुद्धचे अपील ऐकले जात नाही, आणि मागणीची रक्कमही भरावी लागते.