गोष्टीवाल्या गेम जॅममध्ये उतरताय? आधी शेवट लिहा

नॅरेटिव्ह जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गोष्टीवाला गेम बनवायच्या उपक्रमात, पहिल्यांदा उतरणार असाल तर कोडिंगचं टेन्शन घेऊ नका, ट्वाइन हे पर्याय निवडत खेळायच्या गोष्टी बनवायचं टूल फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं, मराठीही नीट दिसतं, आणि दुहेरी चौकोनी कंसात शब्द टाकला की पुढच्या पानाची लिंक तयार. खरा घोळ होतो तो फाट्यांचा. प्रत्येक वळणावर २ पर्याय दिले आणि अशी ५ वळणं घेतली की ३२ शेवट होतात, एवढं वीकेंडला कोण लिहिणार? म्हणून आधी २-३ शेवट लिहून टाका, मग मधले फाटे फिरवून परत एकाच प्रसंगाला आणा, फक्त खेळणाऱ्याने आधी काय निवडलं ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेमने लक्षात ठेवायच्या नोंदीत, ठेवा आणि नंतर एखाद्या पात्राच्या तोंडी ते येऊ द्या. आई म्हणाली, "काल फोन उचलला नाहीस ना", की खेळणाऱ्याला वाटतं गेमने आपलं लक्षात ठेवलंय, आणि माझ्या मते दहा जास्तीच्या शेवटांपेक्षा ही एक ओळ भारी.

संवाद मोठ्याने वाचून बघा, मित्राला खेळायला देऊन गप्प बसा, मध्ये समजावून सांगू नका. पब्लिश केल्यावर एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर टाकताना ब्राउझरमध्ये खेळता येईल ती खूण करायची, आणि हे सगळं डेडलाइनच्या आदल्या रात्रीच उरकून घ्या.