झीन करायला बसताना: आधी ग्रेन बघा

मागच्या खेपेला झीनच्या, म्हणजे स्वतःच छापून, दुमडून केलेल्या छोट्या पुस्तिकेच्या, चाळीस प्रती केल्या. बहिणीने काढलेली कीटकांची चित्रं, प्रत्येक चित्राखाली माझ्या दोन-तीन ओळी, बत्तीस पानं आणि वर जाड, पूर्ण काळं मुखपृष्ठ. छपाई छान आली, टाके सरळ पडले. रात्री सगळ्या प्रती टेबलावर मांडून झोपले. सकाळी बघते तर चाळीसच्या चाळीस अर्धवट उघडून उभ्या. कव्हर मिटेना, दाबलं तरी पुन्हा वर येई. कण्यावर जिथे घडी होती तिथला काळा थर फुटला होता आणि वरपासून खालपर्यंत पांढरी, खरबरीत रेघ उमटली होती. कारण एकच. कव्हरचा कागद कापताना मी ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बघितला नव्हता. तिची चित्रं अशा अवस्थेत तिच्या हातात ठेवावी लागली, ते अजून मनातून जात नाही. म्हणून ही यादी लिहून ठेवते आहे. तुम्हीही झीन करणार असाल तर बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल, ग्रेनचं मात्र नीट वाचा.

यंत्रावर कागद बनतो तेव्हा ओला लगदा एका दिशेने वाहत असतो, आणि त्यातले बरेचसे तंतू त्याच दिशेला आडवे पडतात, जसं वाहत्या पाण्यात गवत लोळतं. हा कागदाचा ग्रेन. सलग कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट लुई-निकोला रोबेर या फ्रेंच माणसाने १७९९ साली घेतलं. त्याआधीचा सगळा कागद हातचा. साचा पाण्यातून उचलून दोन्ही दिशांना हलवायचा, त्यामुळे तंतू कसेही विखुरलेले असत. आजही हातकागदाला ग्रेन जवळजवळ नसतो. तुमचं कव्हर हातकागदाचं असेल तर पुढची बरीचशी काळजी सुटली. यंत्रावरचा असेल, आणि बहुतेक तोच असतो, तर नियम एक: घडी ग्रेनच्या दिशेने. पुस्तकाचा कणा आणि कागदाचे तंतू समांतर असले की तंतू एकमेकांपासून नुसते बाजूला होतात आणि घडी गुपचूप बसते. कणा तंतूंना आडवा गेला तर प्रत्येक तंतू मोडावा लागतो. मोडलेले तंतू ताठ उभे राहतात, वरचा रंग फोडतात आणि कव्हर परत उघडतात. पातळ कागदावर हे खपून जातं, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वर अजिबात खपत नाही.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागद टेबलावर ठेवा, एक कड उचलून दुसऱ्या कडेकडे वळवा, घडी न घालता नुसती गोलाई द्या आणि तळव्याने हलकेच दाबा. मग कागद फिरवून दुसऱ्या बाजूने तेच करा. ज्या वेळी कागद कमी अडला त्या वेळच्या गोलाईची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा. शंका राहिलीच तर एक तुकडा दोन्ही दिशांनी फाडून बघा. ग्रेनच्या दिशेने बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वाट सोडून वाकडा जातो. तरीही समजलं नाही तर छोटा चौकोन कापून त्याच्या एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तो नळीसारखा वळेल, आणि नळी ज्या दिशेला लांब तीच ग्रेनची दिशा. चौकोन कापण्याआधी मूळ कागदावर आणि तुकड्यावर एकाच दिशेने बाण काढा, नाहीतर तुकडा कुठून कसा कापला ते आठवत नाही आणि चाचणी फुकट जाते. हे सगळं प्रत्येक नव्या गठ्ठ्यासाठी करा. त्याच रंगाचा, त्याच वजनाचा, त्याच दुकानातला कागद असला तरी करा. माझी चूक तिथेच झाली. आधीचा गठ्ठा बरोबर होता म्हणून नव्याकडे बघितलंच नाही.

आता सगळ्यात जास्त अडकवणारी गोष्ट. साधा ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि झेरॉक्ससाठी मिळणाऱ्या बहुतेक ए-४ कागदांचा ग्रेन लांब बाजूला, म्हणजे २९७च्या दिशेने असतो. तो मधोमध दुमडून ए-५ ची पुस्तिका करायची म्हटली की घडी पडते आखूड बाजूला समांतर. म्हणजे ग्रेनला थेट आडवी. आपण सगळे हेच करतो आणि ८० जीएसएमला ते निभावतं, पानं जराशी ताठ राहतात एवढंच. कव्हरला निभावत नाही. त्यासाठी उपाय सोपा आहे: लांब ग्रेनचा ए-३ घ्या, २९७ बाय ४२०, आणि मधोमध कापून दोन ए-४ करा. ग्रेन ४२०च्या दिशेने होता, तीच बाजू कापल्यावर २१०ची झाली, म्हणून आता ग्रेन आखूड बाजूला आला. घडीही तिथेच. घडी ग्रेनच्या दिशेने. वेळ असेल तर आतल्या पानांसाठीही असाच कागद कापून घ्या. पुस्तिका हातात धरल्यावर पानं आपोआप खाली पडतात, फरक लगेच कळतो.

कव्हर फार जाड नको. बत्तीस पानांना १६० ते २०० जीएसएम पुरे. २५० घ्यायचाच असेल तर घडीची जागा आधी बोथट टोकाने पट्टीच्या आधाराने रेघून घ्या, आणि ग्रेन पुन्हा एकदा बघा. रेघून घेतल्याने चुकीचा ग्रेन बरोबर होत नाही, हे मी करून बघितलं आहे.

पहिल्यांदाच करणार असाल तर एका ए-४ ची आठ पानांची झीन करा. टाके नाहीत, पिना नाहीत, एकच काप. कागद आडवा धरा, उभे चार आणि आडवे दोन असे आठ भाग पाडा. आडवी घडी मधोमध जाते, तिच्यावर फक्त मधल्या दोन भागांपुरता काप द्या. संपूर्ण कागद कापू नका, दोन्ही टोकांना एकेक भाग जोडलेला राहायला हवा. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ ही पानं सरळ येतात, आणि वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४ उलटी, डोकं खाली करून. मग कागद लांबीला दुमडा, दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला, मधला भाग फुगून अधिकचिन्हासारखा होईल, आणि पानं एका बाजूला गुंडाळून घ्या. तयार पान ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं. इथे घड्या दोन्ही दिशांना असल्यामुळे एक तरी ग्रेनला आडवी जाणारच, म्हणून या प्रकाराला साधा ७०-८० जीएसएमचाच कागद. जाड कागदावर हे करू नका, कोपरे फुटतात. पंख्यासारख्या घड्यांचं लांब पुस्तक करणार असाल तर तिथे सगळ्या घड्या उभ्या असतात, म्हणून ग्रेनही उभा हवा, म्हणजे पट्टीच्या लांबीला आडवा. लांबच लांब पट्टी कापायच्या उत्साहात हे हमखास उलटं होतं.

टाके घालायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत. सव्वीस पानांचा मजकूर असेल तर अठ्ठावीस करा, दोन पानं कोरी सोडा, कोरं पान वाईट दिसत नाही. लिहायला किंवा चिकटवायला सुरुवात करण्याआधी कोऱ्या कागदाची डमी दुमडा आणि प्रत्येक पानावर आकडा घाला. मग उलगडून बघा कोणतं पान कोणाशेजारी येतं. ताळा सोपा आहे: एका बाजूवरच्या दोन पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकाने जास्त. बत्तीस पानांच्या पुस्तिकेत बाहेरच्या कागदावर डावीकडे ३२, उजवीकडे १, त्याच्या मागे २ आणि ३१, आणि अगदी आतल्या कागदावर १६ आणि १७. बेरीज तेहेतीस आली नाही तर थांबा, छापू नका. समोरासमोर पसरणारं एकसंध चित्र फक्त मधल्या जोडपानावर ठेवा. बाकी कुठल्याही जोडपानावर दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर पडतात आणि केसभर का होईना सरकतात. आणि डमी खऱ्या कागदाचीच करा, ग्रेनसकट. रद्दीची डमी आकडे सांगते, घडी कशी बसेल ते सांगत नाही.

समास सोडा. बहुतेक प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्रं कागदाच्या कडेपर्यंत छापत नाहीत, चार-पाच मिलिमीटर कोरं राहतं. घडीकडे किमान दहा, बाहेरच्या कडेला आठ-दहा मिलिमीटर मोकळे असू द्या. बाहेरचं मिळेल तितकं जास्तच ठेवा, कारण शेवटी कड कापायची आहे. कण्यावर गच्च काळा रंग टाकायचा मोह आवरा. टोनर, म्हणजे झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरमधली शाईची पूड, कागदात मुरत नाही, वर वितळून बसतो, त्यामुळे घडीवर तडकतो. ग्रेन बरोबर असेल तर कमी तडकतो, ग्रेन चुकला तर सोललाच जातो. माझं मुखपृष्ठ काळं होतं, एवढं सांगते. कण्याभोवती पाच-सहा मिलिमीटर कागदाचाच रंग सोडला असता तर निदान ती पांढरी रेघ तरी दिसली नसती.

अक्षर लहान काढू नका. कमी करून छापणार असाल तर मूळ पान मोठं, आणि रेघा जाड. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांची सावली झेरॉक्समध्ये उमटते, ती पांढऱ्या शाईने झाका किंवा उमटू द्या, मला ती आवडते.

छपाईच्या आदल्या दिवशी कागदाचं वेष्टण काढून तो त्याच खोलीत ठेवा, म्हणजे हवेतला ओलावा सारखा होईल. दोन्ही बाजूंनी छापताना आडव्या पानांसाठी कागद आखूड बाजूवर उलटायचा असतो. लांब बाजूवर उलटला की मागची पानं डोकं खाली करून येतात. आधी एकच प्रत छापा, दुमडा, पूर्ण वाचा. मग बाकीच्या. यंत्रात कव्हरचा कागद भरताना हात थांबवा आणि एक कागद उचलून वाकवून बघा. हो, पुन्हा. गठ्ठा फिरवून भरला गेला असेल तर हीच शेवटची वेळ आहे समजण्याची, छापून झाल्यावर ग्रेन फिरवता येत नाही.

हत्यारांची यादी मोठी नाही: धारदार पातं (नवं), लोखंडी पट्टी, कापायची चटई, दाभण, सुई, मेण लावलेला सुती किंवा अळशीचा दोरा, घडी दाबायला बोन फोल्डर. तो नसला तर चमच्याची पाठ चालते, फक्त छापलेल्या भागावर मध्ये एक कोरा कागद ठेवून दाबा, नाहीतर टोनरवर चमक येते.

घडी घालताना एकेक कागद वेगळा दुमडा, मग एकात एक बसवा. आठ कागद एकदम दुमडले की आतल्यांची घडी मधोमध पडत नाही.

टाके तीन भोकांचे. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर मापं एकदाच आखा. २१० मिलिमीटर उंचीला एक भोक मधोमध, दोन टोकांपासून तीस-तीस मिलिमीटरवर. दाभण आतून बाहेर, बरोबर घडीवर. दोरा उंचीच्या अडीच पट. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना टोकं घेऊन गाठ. दोरा घडीच्या दिशेने ओढा, वर उचलून ओढलात तर भोक फाटतं. पिना मारायच्या असतील तर लांब हाताचा स्टेपलर, किंवा खाली मऊ रबर ठेवून पिन टोचा आणि टोकं हाताने वळवा.

आत वेगळा कागद चिकटवायचा असेल तर त्याचाही ग्रेन कण्याला समांतर. ओलावा लागला की तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, रुंदीला फुगतात. दोन कागद वेगवेगळ्या दिशांनी ओढायला लागले की कव्हर कायमचं वाकतं. खळ पातळ लावा.

मग वजनाखाली रात्रभर. मग कड कापणं: आतले कागद घडीमुळे बाहेर सरकतात, आठ कागदांत एखादा मिलिमीटर, म्हणून कापायचं ते टाके घातल्यावरच. पातं हलक्या हाताने, अनेक वेळा. पट्टी हलू देऊ नका.

प्रती मोजा, एक स्वतःला ठेवा. आणि उरलेला कागद कपाटात टाकण्याआधी वरच्या पानावर पेन्सिलीने बाण काढा, ग्रेनच्या दिशेने.