ज्युनियर ऑनर सोसायटी: पात्रतेचं पत्र म्हणजे निवड नव्हे

मुलगी सातवीत असताना शाळेचं पत्र आलं, 'आपली मुलगी नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटीसाठी पात्र आहे.' ही अमेरिकेतल्या शाळांमधली, निवडक गुणी मुलांना सदस्य करून घेणारी संस्था; शाळेशाळेत तिची शाखा असते. त्याच रात्री मी पुण्याला आईला फोन करून निवड झाल्याचं सांगूनही टाकलं. खरं तर पत्राचा अर्थ एवढाच होता की तिची सरासरी अटीत बसते आणि आता तिनं माहितीचा अर्ज भरावा. महिन्याभरानं नकार आला. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. अमेरिकेत नव्यानं आलेल्या पालकांच्या मुलांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आपण वाढलो चौथी-सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षेवर. गुण मिळाले की यादीत नाव. इथं तसं नाही. मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९२१ मध्ये हायस्कूलसाठी ऑनर सोसायटी काढली आणि १९२९ मध्ये धाकट्या वर्गांसाठी ही ज्युनियर. निवडीचे निकष पाच: अभ्यास, सेवा, नेतृत्व, चारित्र्य आणि नागरिकत्व. अभ्यासाची किमान अट ८५ टक्के, म्हणजे बी ग्रेड किंवा ३.० जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड). शाळा ती वाढवू शकते, त्यामुळे आपल्या शाळेचा आकडा आधी विचारून घ्या. त्यापुढे निर्णय पाच शिक्षकांच्या समितीचा. मुख्याध्यापक ही समिती नेमतात आणि ती बहुमतानं ठरवते. सल्लागार शिक्षक सगळं जुळवून आणतात, पण त्यांना मत नसतं.

या पाच जणांपैकी एखाद्यानं तुमच्या मुलीला कधी शिकवलेलंही नसतं. त्यांच्यासमोर असतो तो अर्ज.

आमच्या अर्जात सेवेच्या रकान्यात एकच ओळ होती, 'मी मराठी शाळेत आणि देवळात मदत करते.' तारखा नाहीत, तास नाहीत, कुणाची सही नाही. नेतृत्वाचा रकाना कोरा, कारण ती कुठल्या टीमची कॅप्टन नव्हती. मी चिडून ईमेल लिहायला बसले होते. मुलगी म्हणाली, "आई, थांब. मीच विचारते." ती स्वतः सल्लागार शिक्षिकेकडे गेली, आणि तेच बरं झालं. अर्जात तू काय केलंस ते दिसतच नाही, असं बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं.

आठवीत तिनं अर्ज पुन्हा भरला. काम तेच होतं, पण आता रविवारच्या मराठी शाळेबद्दल तिनं लिहिलं की पाच वर्षांच्या एका मुलाला 'ळ' काढता येत नव्हता, म्हणून तिनं ताटात तांदूळ पसरले आणि त्यात त्याचं बोट धरून अक्षर गिरवून घेतलं. मग तसंच ताट बाकीच्या चार मुलांनाही दिलं आणि धाकट्या मदतनीस मुलींना ते कसं घ्यायचं ते शिकवलं. हेच नेतृत्व. ते तिला सातवीतही लिहिता आलं असतं, पण त्याला नेतृत्व म्हणतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सहावीपासून एक वही घाला. तारीख, तास, काम आणि त्याच दिवशी तिथल्या मोठ्यांची सही. सहा महिन्यांनी सह्या गोळा करत फिरणं फार अवघड जातं. घरचं काम सेवेत धरत नाहीत. देवळातलं किंवा मंडळातलं काम चालेल का, हे शाळेला आधीच विचारा. शिफारस हवी असेल तर शिक्षकांना दोन आठवडे आधी सांगा. आणि अर्ज मुलांनाच लिहू द्या. मोठ्या माणसाची भाषा शिक्षकांना लगेच ओळखू येते. शिवाय तांदळाच्या ताटाची गोष्ट मला माहीतच नव्हती, ती तिलाच सुचू शकत होती.

शाळा बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्या शाळेत निदान एक सेमिस्टर झाल्याशिवाय निवडीसाठी विचार होत नाही. मात्र आधीच सदस्य असलेल्या मुलाचं सदस्यत्व नव्या शाळेतल्या शाखेत चालू राहतं, म्हणून निघताना जुन्या शाळेचं पत्र घ्यायला विसरू नका. हायस्कूलच्या सोसायटीत मात्र आपोआप प्रवेश नाही, तिथं निवड नव्यानं होते. आमची वही अजून चालू आहे.