टॉमकॅटमधलं 'घोस्टकॅट' : ८००९ पोर्ट आधी तपासा

जावातली वेब अॅप चालवणाऱ्या अपाचे टॉमकॅट या सर्व्हरमधली सीव्हीई-२०२०-१९३८ (सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) ही त्रुटी 'घोस्टकॅट' नावाने ओळखली जाते. ती जुनी असली तरी वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या सर्व्हरवर आजही सापडू शकते. टॉमकॅटची ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ यांच्या आधीची आवृत्ती असेल, तर पुढचं वाचा. टॉमकॅट ६ लाही हीच त्रुटी आहे, पण त्याचा आधार २०१६ अखेर संपला. तिथे नव्या आवृत्तीवर जाणं हाच उपाय.

मूळ दोष विश्वासाचा. पुढचा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यातलं बोलणं एजेपी प्रोटोकॉलवर चालतं; त्याचं नेहमीचं पोर्ट ८००९. समोर आपलाच वेब सर्व्हर आहे असं टॉमकॅट गृहीत धरतं आणि विनंतीसोबत आलेले अॅट्रिब्यूट (जादा माहितीचे तुकडे) जसेच्या तसे मानतं. हल्लेखोर त्यांतून फाइलचा मार्ग पाठवतो आणि अॅपची सेटिंग असलेल्या, एरवी बाहेरून न दिसणाऱ्या वेब-इन्फ फोल्डरमधल्या फाइली वाचतो. डेटाबेसचे पासवर्ड बहुधा तिथेच असतात. अॅपमध्ये अपलोडची सोय असेल आणि त्या फाइली अॅपच्याच फोल्डरमध्ये पडत असतील, तर अपलोड केलेली फाइल जेएसपी म्हणून, म्हणजे सर्व्हरवरचा कोड म्हणून, चालवताही येते.

आधी टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधली व्हर्जन स्क्रिप्ट चालवून आवृत्ती बघा. मग लिनक्सवर एसएस कमांडने ८००९ पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतंय ते पाहा. जुन्या आवृत्त्यांत ते मुळातच सुरू असतं, तेही सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर. स्प्रिंग बूटमधल्या अंतर्भूत टॉमकॅटमध्ये मात्र एजेपी कुणी मुद्दाम जोडल्याशिवाय नसतं.

पुढचा सर्व्हर एचटीटीपीनेच बोलत असेल (एनजिनएक्स असेल तर बहुतेक तसंच), तर सर्व्हर-एक्सएमएल फाइलमधला एजेपी कनेक्टर कॉमेंट करा आणि टॉमकॅट पुन्हा सुरू करा. काम झालं. अपग्रेड तरीही करायचंच.

एजेपी लागतंच असेल, तर अपग्रेडनंतर हमखास अडखळायला होतं. नव्या आवृत्तीत सीक्रेट (दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला पासवर्ड) सक्तीचं आहे; ते दिलं नाही तर एजेपी कनेक्टर सुरूच होत नाही. इथे वैतागून सक्ती बंद करण्याचा मोह टाळा. कनेक्टरमध्ये लांब, यादृच्छिक सीक्रेट द्या आणि तेच पुढच्या बाजूलाही, म्हणजे अपाचे वेब सर्व्हरच्या (एचटीटीपीडी) एजेपी मॉड्यूलमध्येही टाका : मॉड-जेके असेल तर वर्करच्या सेटिंगमध्ये, मॉड-प्रॉक्सी-एजेपी असेल तर प्रॉक्सीपासच्या ओळीत. मॉड-प्रॉक्सी-एजेपीसाठी एचटीटीपीडी किमान २.४.४२ हवं.

दुसरी अडचण पत्त्याची. आता कनेक्टर फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून आलेलं, ऐकतो, त्यामुळे वेब सर्व्हर वेगळ्या मशीनवर किंवा वेगळ्या कंटेनरमध्ये असेल तर जोडणीच होत नाही. पत्ता अंतर्गत इंटरफेसचा द्या, आणि फायरवॉलमध्ये ८००९ फक्त त्या वेब सर्व्हरला उघडा. डॉकरमध्ये हे पोर्ट होस्टवर प्रकाशित करू नका.

सगळं जुळूनही ४०३ (परवानगी नाही) ही त्रुटी येत असेल, तर वेब सर्व्हर टॉमकॅटला अनोळखी असलेले अॅट्रिब्यूट पाठवतोय. सिंगल साइन-ऑनच्या (एकाच लॉगिनवर अनेक अॅप) मांडणीत हे घडतं. कनेक्टरच्या सेटिंगमधल्या, चालतील अशा अॅट्रिब्यूटच्या पॅटर्नमध्ये नेमकी तेवढीच नावं घाला. सगळ्यांना चालेल असा पॅटर्न टाकलात, तर अपग्रेडने मिळवलेलं अर्धं संरक्षण गेलं.

पोर्ट बाहेरून उघडं होतं असं आढळलं, तर वेब-इन्फमधले सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदला. अॅक्सेस लॉगमध्ये हे अॅट्रिब्यूट मुळात नोंदले जात नाहीत, तेव्हा लॉग स्वच्छ दिसतोय म्हणून ही पायरी गाळू नका.